गार्ड किलोवर नको, मापावर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात यंत्राच्या गार्डची, म्हणजे फिरत्या भागांवर हात जाऊ नये म्हणून बसवायच्या आवरणाची, ऑर्डर बहुतेक वेळा तोंडीच जाते. "मोटरच्या बाजूला एक गार्ड मारून द्या, किलोला काय घेणार?" फॅब्रिकेटर अँगल आणि जाळी तोलतो, रंग मारतो, संध्याकाळी टेम्पोत टाकतो. तिथे हात दिवसातून किती वेळा जातो, जाळीचं भोक केवढं हवं, हे कुणी विचारत नाही. मग आठ दिवसांत तेच गार्ड भिंतीला टेकवलेलं दिसतं आणि खापर मात्र कामगारावर फुटतं. आम्ही अक्कलकोट रोडच्या आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत यंत्रांची देखभाल करतो. आमच्या मते चूक गार्ड काढून ठेवण्यात कमी आणि ते निवडण्यात जास्त असते.

यंत्रमागाच्या मोटरचा पट्टा, क्रँक शाफ्ट आणि बॉटम शाफ्टमधले गिअर, इथे रोज हात घालायचं कामच नसतं. तिथे बोल्टने बसवलेलं स्थिर गार्ड पुरतं, स्विचबिच लागत नाही. पण बोल्ट पान्यानेच निघाला पाहिजे. हाताने फिरणारा विंग नट लावला की ते गार्ड राहत नाही, डब्याचं झाकण होतं. माग हादरतो, त्यामुळे साधे नट सुटतात. आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने न सुटणारे नायलॉक नट घ्यावेत, आणि बोल्ट गार्डलाच अडकून राहील अशी सोय करून घ्यावी, नाहीतर पहिल्या देखभालीतच दोन बोल्ट हरवतात. चारांपैकी एकाच बोल्टवर लटकलेलं, वरच्या कोपऱ्यात सुतळीने बांधलेलं आणि पुलीला घासून एका कडेने चकचकीत झालेलं गार्ड बऱ्याच शेडमध्ये बघायला मिळेल. म्हणून गार्डची बैठक अशी असावी की बोल्ट काढले की ते जागेवर उभंच राहू नये.

जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा कारागीर, गार्ड का काढतो? तेल द्यायला. त्यावर उपाय स्वस्त आहे. बेअरिंगच्या ग्रीस निपलपासून तांब्याची बारीक नळी गार्डच्या बाहेर आणायची आणि निपल तिच्या टोकाला बसवायचा. गार्ड न उघडता ग्रीस जातं. नव्या गार्डच्या ऑर्डरमध्ये ही नळी नसेल तर ती ऑर्डर अर्धवट समजावी.

आता जाळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये रुई सतत उडत असते. बंद पत्र्याच्या पेटीत मोटर तापते, आत रुई साचते, पातळ पत्रा ढोलासारखा वाजतो. मग कामगार वैतागून तो काढतो. म्हणून पट्ट्याला वेल्डेड जाळी बरी. मात्र भोक आणि अंतर यांचा हिशेब ठरलेला आहे. आयएसओ 13857 या यंत्र-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा तक्ताच आहे. चौकोनी भोक 8 ते 10 मिलिमीटर असेल तर जाळीपासून धोक्याचा भाग निदान 25 मिलिमीटर लांब हवा. 10 ते 12 चं भोक असेल तर 80. बाजारात सर्रास मिळणारी एक इंची जाळी तार वजा जाता 20 ते 30 च्या गटात येते. तिला 120 मिलिमीटर अंतर लागतं, कारण तिच्यातून बोटं मुळापर्यंत आत जातात. आपल्याकडे हीच जाळी पट्ट्यापासून दोन बोटांवर ठोकलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे खिडकीच्या गजांसारखं गार्ड. दोन गजांमधली फट तीच, 20 ते 30 मिलिमीटर, पण ती लांबच लांब असल्याने पंजा आडवा होऊन आत सरकतो आणि मागोमाग अख्खा हात जातो. तिथे मानक 850 मिलिमीटर अंतर मागतं. फटीची लांबी 65 मिलिमीटरच्या आत ठेवली तर अंगठा अडतो आणि 200 पुरतं. म्हणजे त्याच गजांना दर 65 मिलिमीटरच्या आत आडवी पट्टी मारली तरी चित्र पालटतं. कोंबडीची जाळी मात्र वापरूच नये. ती दाबली की आत जाते, मग मोजलेल्या अंतराला अर्थ उरत नाही.

धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या शटलच्या, मागाची गोष्ट निराळी. इथे धोका हात आत जाण्याचा कमी आणि धोटा बाहेर येण्याचा जास्त. फणीवरच्या दांड्याला बसवलेली धोटा-गार्डची सळई वाकलेली नसावी आणि मागाच्या पूर्ण रुंदीवर सारख्या उंचीला असावी. दोन मागांच्या टोकांमधल्या वाटेवर जाळीची उभी चौकट हवी, कारण उडालेला धोटा थेट शेजारच्या विणकराकडे जातो. तरीही हे गार्ड म्हणजे शेवटचा अडसर. धोट्याला ठोकर देणारा पिकर झिजलेला असणं, ढिला पडलेला धोट्याच्या पेटीचा दाब, ताण्यात लोंबणारे तुटके धागे आणि चुकलेलं पिकिंगचं टायमिंग या चार गोष्टी आधी बघाव्यात. धोटा आठवड्यातून दोनदा उडत असेल तर नवी सळई आणण्याआधी पिकर बदला.

ज्या जागी दिवसातून दहा-वीस वेळा हात घालावाच लागतो, तिथे बोल्टचं गार्ड टिकणारच नाही. उदाहरणार्थ, रंगाईनंतर सूत पिळणारा हायड्रो. वीज बंद केली तरी त्याची टोपली फिरतच राहते, आणि ओलं सूत हाताला गुंडाळलं की सुटत नाही. इथे झाकण उघडल्यावर वीज तोडणारा नुसता लिमिट स्विच कामाचा नाही. टोपली थांबेपर्यंत झाकण उघडूच न देणारं कुलूप हवं. ते विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: वीज गेल्यावर कुलूप लागलेलं राहतं की सुटतं? विजेच्या जोरावर लागून राहणारं कुलूप वीज जाताच सुटतं, आणि टोपली तर फिरत असते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. स्प्रिंगने लागणारं आणि विजेने उघडणारं कुलूपच घ्यावं. अडचणीत उघडायची किल्ली मुकादमाकडे ठेवावी. ब्रेकचा पट्टा झिजला की थांबायला लागणारा वेळ वाढतो. कुलूप टायमरवर चालणारं असेल तर तो वेळ दर महिन्याला घड्याळ लावून मोजावा.

ज्या यंत्राला साधा दरवाजा-स्विच चालतो, तिथेही स्विच उलटा बसवलेला दिसतो. बंद दाराने स्विच दाबला जावा अशी मांडणी केली की सुतळीच्या एका वेढ्यात तो फसतो. दार उघडताना दारानेच स्विच दाबावा आणि संपर्क जोराने तोडावा, अशी मांडणी हवी. दार लावल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, बटण पुन्हा दाबावं लागावं. आणि दारापासून अंतरही लागतं. माणूस हात पुढे नेतो तो वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात; यंत्राला थांबायला अर्धा सेकंद लागत असेल तर दार धोक्यापासून निदान 800 मिलिमीटर लांब हवं. तेवढी जागा नसेल तर ब्रेक सुधारा किंवा कुलूप लावा.

सूत कांड्यांवर गुंडाळणाऱ्या कांडी मशीनवर बहुतेक बायका बसतात. पदर आणि वेणी ओढून नेणारा भाग म्हणजे खालचा फिरता शाफ्ट आणि त्यावरचे बाहेर आलेले सेट स्क्रू. संपूर्ण लांबीची पत्र्याची पन्हळ आणि आत बुडणारे ग्रब स्क्रू यावर काम भागतं. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 26 मध्ये असे बाहेर आलेले स्क्रू, बोल्ट आणि शाफ्टवर चाक पक्कं करणाऱ्या चाव्या बुडवलेल्या किंवा झाकलेल्या असाव्यात असं लिहिलं, आणि तसं नसलेलं यंत्र कारखान्यासाठी विकणाऱ्यालाही जबाबदार धरलं. जुने माग घेताना सौद्याच्या वेळीच गार्ड मागून घ्या. "ते तुमचं तुम्ही करून घ्या" म्हटलं तर तेवढे पैसे कापा.

आतलं दिसण्यासाठी पारदर्शक गार्ड हवं तर अॅक्रिलिक नको, ते तडकून धारदार तुकडे होतात, पॉलिकार्बोनेट घ्या. ते रॉकेल किंवा थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

गार्ड आलं की बोटाएवढी लाकडी काठी घेऊन, मेन स्विच बंद करून, प्रत्येक भोकातून आणि कडेच्या फटीतून आत घालून बघा. काठी बोटाच्या लांबीएवढी आत जाऊन पट्ट्याला किंवा गिअरला टेकली तर गार्ड परत पाठवा. आणि रंग द्यायचा तो बाहेरून यंत्राचाच द्या. आतली बाजू आणि गार्डमागचा यंत्राचा भाग भडक नारिंगी करा. गार्ड निघालेलं असेल तर शेडच्या दारातूनच मुकादमाला नारिंगी दिसतं.

आपले,
यंत्र-देखभालीचं काम करणारे काही वाचक,
सोलापूर