'डी' म्हणजे उजवी नव्हे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यातील साखरेवरच्या लेखात 'डी-ग्लुकोज म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणारी साखर' असे वाक्य आहे. ग्लुकोजचे द्रावण ध्रुवीकृत (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते हे खरे, पण 'डी' अक्षरामुळे नव्हे. ते अक्षर रेणूतल्या अणूंची मांडणी सांगते. फ्रुक्टोजही 'डी'च, आणि ती चांगली ९२ अंश डावीकडे वळवते!

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी तीस वर्षे गेली. नवा असताना शुद्ध ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच पोलॅरीमीटरला (प्रकाश किती वळला ते मोजणाऱ्या यंत्राला) डोळा लावला. वळणाचा हिशेब शंभर अंशांच्या वर गेला. चहा पिऊन आलो तर आकडा घसरलेला. वजनात चूक झाली म्हणून पुन्हा केले, पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी अमोनियाचा थेंब टाकला आणि आकडा ५२.७ वर येऊन थांबला. कारण असे: ग्लुकोजच्या रेणूतले अणूंचे कडे पाण्यात उघडते, मिटते. मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट कधी खाली राहतो (अल्फा, ११२ अंश), कधी वर (बीटा, १८.७). शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा उरतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्युब्रनफो यांनी आकड्याचे हे घसरणे १८४०च्या दशकातच पाहिले होते.

शेतकऱ्यालाही याच्याशी देणेघेणे आहे. शिळ्या उसात सुक्रोज (म्हणजे उसाची साखर; उजवीकडे ६६.५ अंश) फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, फ्रुक्टोज डावीकडे ओढते आणि 'पोल', म्हणजे पोलॅरीमीटरवरून काढलेले साखरेचे प्रमाण, पडतो. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

एक निवृत्त लॅब केमिस्ट, इस्लामपूर