आपल्या रुकीबद्दल

प्रिय बाळा,

काल फोनवर तू आपल्या बास्केटबॉल टीमच्या रुकीबद्दल, म्हणजे पहिलाच हंगाम खेळणाऱ्या त्या पोराबद्दल, म्हणालास, "बाबा, हा पोरगा वाया गेला. नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला एवढा वरचा नंबर आपल्या टीमने फुकट घालवला." तेव्हा मी गप्प बसलो. टीम हरत असली की माझाही जीव तुटतो. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

सकाळी कालच्या मॅचचा दुसरा क्वार्टर मी परत लावून पाहिला. कोपऱ्यात तो मोकळा उभा आहे. बॉल हातात येतो आणि तो थबकतो. मारू की पास देऊ? तेवढ्यात समोरचा अंगावर येतो, संधी गेली. तुला तो घाबरट वाटला. मला वाटतं, गेल्या वर्षी कॉलेजात त्याला जेवढा वेळ मिळायचा तेवढा इथे मिळत नाही, आणि ते अजून त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. तिथली मॅच ४० मिनिटांची, इथे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ४८. तिथे हंगामात तीस-पस्तीस मॅच, इथे ८२. जिच्या बाहेरून मारलं की तीन गुण मिळतात, ती थ्री-पॉइंटची रेषाही इथे लांब. आणि समोर दहा-दहा वर्षं हेच काम केलेली माणसं.

डर्क नोवित्स्की जर्मनीतून डॅलसच्या टीममध्ये आला तेव्हा विशीचा होता. १९९८-९९ च्या पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती ८.२ गुण, आणि ६८ थ्रीपैकी आत गेले फक्त १४. पुढे त्याच्या शॉटची सगळ्या लीगने धास्ती घेतली! २००७ मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, २०११ मध्ये त्याने डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं. ग्रीसहून आलेल्या यानिस अँटेटोकुम्पोची पहिल्या वर्षीची सरासरी ६.८ होती. त्याच यानिसने २०२१ च्या फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये ५० गुण केले.

संथ सुरुवात केलेले सगळेच डर्क होत नाहीत, हे मलाही कळतं. बहुतेक होतच नाहीत. आपला होईल असं वचन मी तुला देऊ शकत नाही. पण पहिल्या हंगामाच्या मध्यावर त्याला निकालात काढणं मला पटत नाही, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायला तर अजिबात आवडलं नाही.

त्याच्या नावापुढचे गुण मोजू नकोस. चुकल्यावर तो पुन्हा मारतो का, ते बघ. १९९७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमध्ये, युटाविरुद्ध लेकर्सच्या कोबी ब्रायंटने अगदी मोक्याच्या वेळी चार एअरबॉल टाकले. चारही वेळा बॉल रिंगला शिवलासुद्धा नाही. लेकर्स त्या मॅचसोबत स्पर्धेतूनच बाहेर गेले. अठरा वर्षांचं पोर, पहिला हंगाम. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की पहिला एअरबॉल गेल्यावरही दुसरा मारायला तो कचरला नाही. तिसराही मारला, चौथाही.

काल हाफटाइमला तू टीव्ही बंद केलास. त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरमधलं तुझं हुकलं. तोच कोपरा, तसाच पास. या वेळी बॉल हातात आला आणि त्याने न थांबता थेट मारला. रिंगला लागून बाहेर आला, गुण नाही मिळाला. पण धावत मागे जाताना त्याने मान खाली घातली नाही.

तेवढा भाग लावून बघ आणि मग मला फोन कर.

तुझा,
बाबा