पिंकीला, वास्तूनंतर

प्रिय पिंके,

नुसतं "पोचले" एवढंच टाकलंस, त्यावरनंच कळलं राग गेला नाही अजून. पप्पा पण तुला चेन्नम्मा एक्सप्रेसला बसवून आले ते काही न बोलता सरळ झोपले.

आत्याचं मनावर घेऊ नको. तिला वाटलं घरचीच पोरगी ट्रॉमाची डॉक्टर झालीय (डॉक्टर नव्हे, थेरपिस्ट, माहीत आहे मला), वास्तूचं जेवण झालं की सुरेशला माडीवर घेऊन बसेल आणि अर्ध्या तासात त्याची भीती काढेल. 2019 ला घटप्रभेचं पाणी गोकाकात घरात शिरलं तेव्हापासून पाऊस लागला की तो झोपत नाही, तीही आईच आहे की. नात्यातल्या माणसाला मी घेत नाही म्हणालीस, उद्या लग्नकार्यात तोंडासमोर आला की त्यालाच अवघड होईल, हे मला पटलं. फक्त चारचौघांत नको होतं सांगायला. नंतर त्याच्या फोनमध्ये टेलि-मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर घालून दिलास, भाषा निवडता येते म्हणालीस, धारवाडच्या डिमहान्सचं, मानसिक आजारांच्या दवाखान्याचं, पण सांगितलंस, ते आत्यानं बघितलंच नाही. मी बघितलं.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. त्या रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर तू ओट्याला टेकून खाली बसलेलीस, लाइट नाही, फोन नाही, ताटलीत कुंदा तसाच. झोप आली नाही म्हणालीस. कधीपासून येत नाही गं? दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं, ते सगळं जातं कुठं? सकाळी चालायला जात जा, रात्री कॉफी बंद कर, रविवारी एकही पेशंट घेऊ नको, आणि डोक्याला तेल लावलेलं दिसत नाही मला. बघ, लागले शिकवायला. सॉरी.

तू हे का शिकायला गेलीस ते आत्याला कुठं माहीत. सगळ्यांना वाटतं पूर आला तेव्हा निवारा केंद्रात मदतीला गेलीस तिथनं सुरू झालं. मला वाटतं आबांपासनं. 86 च्या जूनमध्ये आपल्या बेळगावकडं कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, आबा त्या दिवशी बाहेर होते, काय बघितलं ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. नंतर कधी टेम्पोचं टायर फुटलं की माग बंद करायचे आणि ताण्याचे धागे बोटानं एकेक मोजत बसायचे. तू मांडीवर बसून त्यांच्याबरोबर मोजायचीस. आम्ही म्हणायचो म्हाताऱ्याला नाद आहे. तू बेंगळुरात निम्हान्सला, त्या मनाच्या आजारांच्या मोठ्या संस्थेत, शिकायला गेल्यावर सांगितलंस, धक्क्यानंतरचा हा आजार, पीटीएसडी, 1980 ला अमेरिकेच्या डॉक्टर लोकांच्या पुस्तकात आलेला. म्हणजे आबांच्या आधी सहा वर्षं, पण आमच्या वडगावात कोण सांगणार होतं. आणि धागे मोजणं म्हणजे त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय होता म्हणालीस, तुम्ही पण पेशंट घाबरला की तेच करता, पाच वस्तू बघा, चार हात लावून बघा, तीन आवाज ऐका. ते ऐकून पप्पा उठून मागाकडं गेले, आठवतंय काय?

काय झालं ते तू आधी विचारतच नाहीस, हे मला फार आवडतं. आधी माणसाला त्या खोलीत सुरक्षित वाटलं पाहिजे, दार दिसेल अशी खुर्ची, थांब म्हणाला की थांबायचं, आठवणीचं मग बघू, तेही त्याला पाहिजे असेल तर. डोळ्यांसमोर बोट फिरवायचा तो उपचार पण, ईएमडीआर, शापिरो बाईंनी 1987 ला शोधलेला, मी शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या दृष्ट काढतात तसं काय? मी नुसतं हो म्हणाले, कोण वाद घालतंय. मराठी शाळेतली पोरगी तिकडं बेंगळुरात कन्नडमधनं लोकांचं दुःख ऐकते, हे मात्र मी सगळ्यांना सांगते.

तुझं ऐकणारी पण एक बाई आहे, पंधरा दिवसांनी जातेस, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. चांगलंय. पण मधले चौदा दिवस? परत तेच विचारतेय, माहीत आहे. पेशंटचं काही सांगू नको मला, ते सांगायचं नसतंच. फक्त झोपलीस की नाही तेवढं खरं सांगत जा, मी लेक्चर देणार नाही. प्रयत्न करेन.

कुंदा आणि चकली अण्णांच्या मुलाकडं दिलीय, तो शनिवारी रात्री निघतोय, स्टेशनवर जाऊन घे, नाहीतर मागच्यासारखं त्याच्याच रूमवर संपेल. आणि आत्याला एक फोन कर. केला नाहीस तर दसऱ्याला ती येणार नाही आणि ते मलाच ऐकावं लागेल.

तुझी आई