शोधपेटीतल्या खासगी गोष्टी

आईच्या गाठीची तपासणी ठरली त्या रात्री मी मोबाइलवर त्या आजाराची माहिती शोधली. घरात कुणालाही बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून उपचारांच्या आणि आरोग्यविम्याच्या जाहिराती पाठीस लागल्या. डॉक्टरांनाही विचारवत नाहीत असे प्रश्न माणूस शोधपेटीत लिहितो. त्यांचा बाजार मांडला जावा, हे फार बोचते.

शोधांच्या नोंदीतून नाव काढून टाकले की ओळख पुसते, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, खुले केले. पत्रकार त्यावरून ६२ वर्षांच्या एका महिलेच्या घरापर्यंत पोहोचले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तर संमतीची सूचना मराठीतूनही वाचता येण्याची तरतूद आहे. ती सोय ठळकपणे दिसली पाहिजे. शोधांची नोंदही मुळात बंदच असावी. ज्याला हवी, त्याने ती सुरू करावी. आज नेमके उलटे आहे आणि बंद करण्याचे बटण शोधण्यातच आमच्यासारख्यांची दमछाक होते.

– एक वाचक, सांगली