कावळा, फांदी आणि माझी हार्ड डिस्क : एक जाहीर आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

माझा कॉम्प्युटर फोनवरून बरा केलात, त्याबद्दलचे आभार फोनवरही मानले असते. पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही. "ते असू द्या, मशीन कसं चालतंय ते सांगा," म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव यात नाही, ती तुमचीच अट.

मित्राने तुमचा नंबर दिला तेव्हा मी कॉम्प्युटर मोडीत काढायच्या बेतात होतो. विंडोजच्या अपग्रेडच्या सूचनेवर 'नंतर'चं बटण मी कित्येक आठवडे दाबत आलो होतो, आणि एका रात्री ते अपग्रेड न विचारता आत शिरलं. सकाळी पाहतो तर स्पीकर मुके, वायर लावलेली असून नेटवर्क गायब, स्कॅनर ओळख द्यायला तयार नाही, पंखा सारखा घरघरतोय, आणि एखादी फाइल उघडायला जावं तर मशीन मिनिटभर थिजून बसतंय. एका रात्रीत पाच दुखणी. गुन्हेगार एकच असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "बॅकअप आहे का?" मी म्हणालो, "तीनदा बंद-चालू करून पाहिलंय." यावर तुम्ही जे गप्प बसलात, ते मला अजून ऐकू येतं.

मग तारीख विचारलीत. जुन्या आवृत्तीकडे परत जायची वाट दहा दिवस उघडी असते, पुढे जुन्या सिस्टीमचा फोल्डर आपोआप पुसला जातो. तो बारावा दिवस होता. पहिले दहा मी चिडण्यात घालवले होते. आणि अकराव्या दिवशी ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग कसा चालवायचा हे सिस्टीमला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, आपोआप शोधून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं होतं. "ते आधी काढा," तुम्ही म्हणालात. "घरात चोर शिरलाय असं वाटतं, तर त्याला शोधायला आणखी एक अनोळखी माणूस कशाला आत घेताय?"

त्यानंतरची युक्ती मला सगळ्यात आवडली. शेजारच्या मशीनवर पेनड्राइव्हमध्ये लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण वेगळी, फुकट मिळणारी सिस्टीम, भरून घ्यायला लावलंत आणि माझं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायला सांगितलंत. डिस्कवर काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही, नुसतं चालवून बघायचं. पाच मिनिटांत स्पीकरमधून आवाज आला. नेटवर्कही लागलं. म्हणजे नेटवर्क कार्ड जिवंत, स्पीकर जिवंत, बिघाड नव्या सिस्टीमच्या बाजूला. मी आनंदाने ओरडलो तेव्हा तुम्ही लगेच बजावलंत, की याचं उलट मात्र खरं मानायचं नाही. इथे एखादी गोष्ट चालली नाही म्हणून ती मेली असं होत नाही, तिचा ड्रायव्हर लिनक्सकडेही नसू शकतो. इतकं काटेकोर बोलणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

नेटवर्कचं निदान पुढे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांच्या यादीत, झालं. पिवळा त्रिकोण, आणि आत कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. तुम्ही हार्डवेअर आयडी, म्हणजे भागाची आणि त्याच्या कंपनीची ओळख सांगणारे आकडे, वाचून दाखवायला सांगितलात आणि मी ऐटीत वाचायला लागलो, "आठ, ओ, आठ, सहा..." "ओ नाही, शून्य," तुम्ही हसत म्हणालात. हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, त्यात अक्षरं ए ते एफ एवढीच, ओ असूच शकत नाही. आणि ८०८६ म्हणजे इंटेल. त्या कंपनीच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नावच तिने स्वतःचा ओळख क्रमांक म्हणून घेतलंय. हे ऐकून मला इतकी गंमत वाटली की ड्रायव्हर उतरवून घ्यायचाच विसरलो. नेट नसताना तो आणायचा कुठून, हेही तुम्हीच सांगितलंत : फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा.

आवाजाची कथा सांगायला लाज वाटते. ड्रायव्हर ठीक होता. अपग्रेडनंतर आवाजाचा रस्ता मॉनिटरकडे वळला होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. एक क्लिक. पंख्याला तर आपण हातही लावला नाही. सिस्टीम मागे बसून सगळ्या फाइलींची सूची नव्याने करतेय, दोन दिवस मशीन चालू ठेवा, असं म्हणालात आणि तो खरंच निवला.

राहिलं ते थिजणं. इथे तुम्ही मला ज्या हट्टाने थांबवलंत, त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे. मी डिस्क दुरुस्त करणारी कमांड टाइप करून एंटरवर बोट ठेवून बसलो होतो. "हात काढा," तुम्ही जवळजवळ ओरडलात. परत पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडायला लावलात आणि तीन ओळी विचारल्यात : ५, १९७ आणि १९९. पाचवी ओळ बदलून टाकलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, १९७ वाचताना अडलेल्या सेक्टरांची, १९९ डिस्कशी देवघेव होताना झालेल्या चुकांची. १९९ शून्य होती, तेव्हा केबलवरचा संशय फिटला. बाकी दोन शून्य नव्हत्या. तुमचा आवाज एकदम हळू झाला. "दुरुस्ती नको. ती कमांड आजारी डिस्कला पळायला लावेल. आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवा, सगळ्यात प्रिय असतील त्या पहिल्या."

मी चडफडत म्हणालो, बघा, अपग्रेडने डिस्कही खाल्ली. तुम्ही ते मान्य केलं नाहीत. डिस्क आधीपासूनच खंगत होती. अपग्रेडने एका रात्रीत हजारो फाइली लिहिल्या, वाचल्या, हलवल्या, आणि एरवी कधी वाट्याला न येणारे कोपरेही वापरात आले. मी म्हटलं, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. "हो," तुम्ही म्हणालात, "पण कावळा जरा जड होता." नाराज मीही होतो, तुम्हीही होतात. न विचारता लादलेल्या अपग्रेडबद्दल तुमचे शब्द माझ्यापेक्षा तिखट होते. तरी जो गुन्हा त्याचा नव्हता, तो तुम्ही त्याच्या माथी मारू दिला नाहीत. मारू दिला असता, तर मी सिस्टीम पुसून त्याच डिस्कवर नव्याने बसवली असती आणि वडिलांच्या वह्यांचे स्कॅन त्यात गेले असते. ते उतरवायला दोन रात्री लागल्या. एक फोल्डर शेवटपर्यंत वाचता आला नाही. त्यात जुनी वीजबिलं होती, त्यांचं दुःख मी आवरलंय.

नवी डिस्क बसवताना फोन स्पीकरवर ठेवून तुम्ही माझ्यासोबत होतात. "वायर काढलीत? आता पॉवरचं बटण एकदा दाबा, उरलेला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. आता स्क्रू." एक स्क्रू आतच पडला, तो सापडेपर्यंत तुम्ही मला मशीन चालू करू दिलं नाहीत. पाऊण तास!

स्कॅनर तेवढा हरला. जुना ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीसाठी बनवलेला, नवी सिस्टीम तो आत घेत नाही, आणि बनवणाऱ्यांनी नवा कधी काढलाच नाही. हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, खोटी आशा लावली नाहीत. पण जाता जाता म्हणालात, पेनड्राइव्ह फेकू नका. लिनक्समध्ये तो स्कॅनर पहिल्या फटक्यात चालला. आता वह्यांची पुढची पानं स्कॅन करायची असली, की मी मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करतो.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो : बॅकअप दर रविवारी होतो, दुसऱ्या डिस्कवर, आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवतो. गेल्या रविवारी विसरलो होतो. सोमवारी केला.

तुमचा,
तीनदा बंद-चालू करून पाहणारा