मनू, सिद्धतेला घाबरू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस ना, आई इथे कॉलेजच्या गणितात आकडेच नाहीत, नुसतं सिद्ध करा सिद्ध करा चाललंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. बारावीपर्यंत सूत्रात किंमत टाकून उत्तर काढलं की भागायचं, आता पहिल्यांदाच कुणीतरी हे असंच का म्हणून विचारतंय, त्यामुळे गांगरायला होतं. पण खरं गणित इथूनच सुरू होतं गं.

भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड नीट बघ एकदा. थोडा फाटलेला, वर डाग पडलेले, तरी पटकन स्कॅन होतो. ते कसं, तर दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे तुला माहितीये, मग ती रेषा हीच आपली माहिती समज, दोनच्या जागी तिच्यावरचे पाच बिंदू पाठवले आणि एक चुकीचा पोचला तरी बाकीचे चार एका रेषेत बसतात, चुकलेला कोणता ते लगेच कळतं आणि दुरुस्तही करता येतं. रीड आणि सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी 1960 मध्ये हेच रेषेऐवजी मोठ्या घाताच्या बहुपदी घेऊन केलं. आणि क्यूआर कोडमध्ये हे सगळं चालतं ते फक्त 256 घटकांच्या फील्डमध्ये, म्हणजे अशा संचात की बेरीज गुणाकार काहीही कर, शून्य सोडून कशानेही भाग, उत्तर त्या 256 मध्येच. दुरुस्तीच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला साधारण 30 टक्के कोड खराब झाला तरी माहिती परत मिळते. अशी फील्डं गॅल्वा या फ्रेंच गणितज्ञाने 1830 मध्ये मांडली तेव्हा तो 18 वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा, आणि तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोग होईल असं कुणाला वाटलंही नसेल. तुझ्या अल्जिब्राच्या पेपरात हेच येणार आहे, तेव्हा ग्रुप, रिंग, फील्ड यांच्या व्याख्या नुसत्या पाठ करू नकोस.

आपल्याकडचं पण सांगते. संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवायची पद्धत 2002 मध्ये आयआयटी कानपूरला सापडली, तिथले प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांच्याबरोबर नीरज कयाल, नितीन सक्सेना, ही दोन मुलं त्याच वर्षी बीटेक झालेली!

आता नोकरीचं, कारण काका आल्यागेल्याला विचारतोय की गणित घेऊन शेवटी मास्तरीणच ना. शिकवणं आवडलं तर जरूर शिकव, त्यात कमीपणा कसला. पण माझ्या विमा कंपनीत ॲक्च्युअरी लागतात, तिशीतल्या माणसाचा प्रीमियम किती हे मृत्युदराच्या तक्त्यांवरून तेच ठरवतात. त्याची एन्ट्रन्स एसीईटी, पुढचे पेपर नोकरी करत देता येतात, मात्र वर्षं जातात हे लक्षात ठेव. डेटा सायन्स, एआय म्हणतात ते तर लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटीवरच उभंय, तेव्हा हे दोन विषय अजिबात कच्चे ठेवू नकोस, सोबत पायथन शिक. रिसर्च करावासा वाटला तर एमएस्सीला जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी, नाहीतर कोलकात्याची आयएसआय म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, चेन्नईची सीएमआय म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, या दोघींच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात.

आणि पुण्यातच आहेस तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत जाऊन ये, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये सुरू केलेलं. एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी शिबिराचा फॉर्म सुटला की भर, तिथे प्रश्न विचारून विचारून शिकवतात, तुला तेच हवंय. प्रवासाचे पैसे मी पाठवते, बाबांशी बोलणं झालंय.

तुझी,
आई