पोसायडन केवळ समुद्राचा देव नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ग्रीक देवतांचा जो तक्ता आपण छापला, त्यात झ्यूस आकाशाचा, अथीना विद्येची, पोसायडन समुद्राचा अशी एकेका ओळीत वाटणी करून पोसायडनपुढे कंसात ‘आपला वरुण’ असेही लिहिले होते. मुलांच्या पाठांतराला ते सोयीचे असेल. परंतु आम्हा लातूरकरांना या देवाची जी बाजू सर्वांत आधी कळावी, नेमकी तीच त्यातून गळाली आहे.

होमरच्या महाकाव्यांत पोसायडनला वारंवार ‘पृथ्वी हादरवणारा’ म्हटले आहे. भूकंप हे त्याचेच काम मानले जाई आणि किनाऱ्यावर वसलेल्या ग्रीकांच्या अनुभवात जमीन हलणे व समुद्र अंगावर येणे ही दोन संकटे वेगळी नव्हतीच. इ. स. पू. ३७३ च्या हिवाळ्यात हेलिके हे नगर एका रात्रीत भूकंपाने कोसळून पाण्याखाली गेले, आणि तेथे तर याच देवाचे प्रसिद्ध ठाणे होते! तरीही ग्रीकांनी त्याला टाकले नाही. उलट ‘आधार देणारा, स्थिर ठेवणारा’ अशा अर्थाच्या नावाने त्याचीच पूजा होत असे. वेशीबाहेरच्या मरीआईला पटकी आणणारी म्हणून भ्यायचे आणि पटकी घालवण्यासाठी नैवेद्यही तिलाच दाखवायचा, ही रीत ज्याने आपल्या गावी पाहिली आहे, त्याला यात काहीच नवल वाटणार नाही. माझ्या मते वरुणापेक्षा ही तुलना अधिक जवळची आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारी परिसरातील दगड-मातीची माळवदाची घरे बसली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी कोणी आढ्याखाली झोपत नव्हते. अंगणात अंथरूण घालण्याआधी आजी रोज जमिनीला हळदकुंकू वाहून, तळहात मातीवर टेकवून म्हणे, “माय, आता निवांत ऱ्हा.” पुढे झेनोफॉन या प्राचीन ग्रीक लेखकाच्या इतिहासात एक प्रसंग वाचनात आला, तेव्हा मला तो हात आठवला : अर्गोस या ग्रीक नगरावरील स्वारीत संध्याकाळचे जेवण आटोपल्यावर धरणी हलू लागली, तशी राजाच्या तंबूपासून सुरुवात होऊन सारे स्पार्टन सैन्य पोसायडनचे स्तोत्र गाऊ लागले.

या देवाची लहानशी ब्राँझची मूर्ती कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली असून ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. (समुद्रापासून इतक्या आत तो कसा पोहोचला, हा प्राचीन व्यापाराचा स्वतंत्र विषय आहे.) पुरवणीत तक्ता पुन्हा छापणार असाल, तर कंसातला वरुण काढून तेथे ‘भूकंपाचा आणि घोड्यांचाही’ एवढे शब्द घालावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
औसा, जि. लातूर